पोथी लिहिली कुणी?

मंडळी, काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, देवाच्या दारी हे चालतं का? माना डोलावू नका लगेच! आधी ऐका.

आसरे गावात अंबूबाई नावाची विधवा राहायची. तिचा नेम असा, की रोज दहा ओव्या लिहिल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही. बारा वर्षांनी पोथी पुरी झाली. आणि दीर दाजीबांनी काय केलं? पोथी उचलली, रेशमी रुमालात बांधली अन् भर सभेत देवापुढे ठेवली. "माझी अल्पशी सेवा!"

अल्पशीच हो! रुमाल बांधण्यापुरती!

सभेचे प्रमुख शिवरामशास्त्री दाजीबांना शाल पांघरवणार, तोच खांबामागून अंबूबाई उठली.

"शास्त्रीबुवा, पोथी माझी आहे."

"वहिनी, खाली बसा!" दाजीबा खेकसले.

"आयुष्यभर बसलेच आहे, भाऊजी. बुवा, शेवटची ओळ बघा. 'ही पोथी मी लिहिली.' लिहिली! बाईच बोलतेय ना?"

सभा हसली. शास्त्री म्हणाले, "बाई, पोथी मी लिहिली असती, तरी मीही 'लिहिली'च म्हटलं असतं! पोथी स्त्रीलिंगी, म्हणून 'लिहिली'. हा कर्मणी प्रयोग."

"कर्मणी म्हणजे?"

"संस्कृतातली सप्तमी. कर्मणी, म्हणजे कर्माच्या ठायी. इथं क्रियापद कर्त्याकडे बघत नाही, कर्माकडे बघतं."

"म्हणजे बाई की बुवा, हे बघत नाही?"

"नाही."

"मग व्याकरण जे बघत नाही, ते तुमची सभा का बघते?"

मंडळी, हसू थांबलं! दाजीबा शालीकडे बघत होते, शास्त्री पोथीकडे.

"आणि कर्त्याकडे बघणारा प्रयोग असतो का, बुवा?"

"असतो. कर्तरी, कर्त्याच्या ठायी. तो जातो, ती जाते."

"तर मग आठवा अध्याय काढा."

शास्त्रींनी पान काढलं, वाचलं:

आखडली बोटे तरी लिहिते ।
दहा ओव्यांचा नेम पाळते ।
तुझ्याच नामी जीव जडवते ।
दयाघना ॥

"लेखणीची चूक!" दाजीबा ओरडले.

"एका ओवीत तीनदा?" शास्त्रींनी चष्म्यावरून पाहिलं. "दाजीबा, लिहिते, पाळते, जडवते! इतका वेळ तुम्ही बाई होऊन बसला होतात?"

शालीची घडी झाली. शास्त्रींनी पोथी अंबूबाईच्या हाती दिली. "वाचा, बाई."

"बाई वाचणार? देवळात?" कुणीतरी म्हणालंच. म्हणणारे असतातच!

"ज्याला ऐकवत नसेल, त्यानं उठावं," अंबूबाई म्हणाली, अन् पहिली ओवी सुरू केली. एक दाजीबा उठले. बाकी सभा बसून राहिली.

आता तुमच्याकडे वळते. बाहेर फलक लावलाय, 'महाप्रसाद उत्सव मंडळाने केला.' केला, बरं का! कर्मणी प्रयोग! मंडळातल्या कोणाकोणाचा हात पुरणाला लागला? पुढे बसलेत ते अध्यक्ष, हात दाखवा बघू. अहाहा, काय स्वच्छ हात!

मागच्या पडवीत सकाळपासून अकराजणी चुलीपाशी आहेत. देवाचं नाव त्यांच्या कानी पडू नये, अशी त्यांची चूक काय? अध्यक्ष, उठा. झारा तुम्ही घ्या, त्यांना इथं कीर्तनाला पाठवा. त्या पुढे येऊन बसेपर्यंत टाळ खाली ठेवून मी थांबते.

रागावलात? रागवा. मी थांबते.