टांग्यातनं आलेली बाई

कस्तुराबाई : पानी देते. पर बसा म्हननार न्हाई मी.

अरुंधती : उभीच राहते. मी अरुंधती, तळेगावच्या शाळेत शिकवते. तुमच्या हिरीशी बोलायचं होतं.

कस्तुराबाई : हिरी घरात न्हाई.

अरुंधती : दाराआड परकर दिसतोय.

कस्तुराबाई : वाळत घातलाय.

अरुंधती : पायांसकट?

कस्तुराबाई : हिरे, आत सरक! आन् बाई, माजं घर कुनी दावलं तुमास्नी?

अरुंधती : टांगेवाल्यानं. भिमाजी का कोणी, खाली धरणापाशी थांबलाय.

कस्तुराबाई : बगितला मगाशीच. त्यो टांगा कुनाचा, ठाव हाय?

अरुंधती : लोणावळा स्टेशनावर उभा होता, बसले.

कस्तुराबाई : क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांचा हाय त्यो! त्यांच्याच बंगल्यावर माजा मालक बागकाम करायचा. त्यांच्या टांग्यात बसून येता आन् माज्या पोरीला भेटाया मागता? मला काय खुळी समजलात?

अरुंधती : शपथ घेऊन सांगते, मला माहीत नव्हतं. चुकलंच माझं.

कस्तुराबाई : काय सांगितलंत भिमाजीला?

अरुंधती : कस्तुराबाईंचं घर कुठं, एवढंच.

कस्तुराबाई : येवढं लय झालं. दिवेलागणीला मास्तर येतोय बगा नारळ घेऊन.

अरुंधती : नारळ कसला?

कस्तुराबाई : मागल्या खेपंला आनलेला. मी अध्यक्षांच्या पायरीवर जाऊन बसले. म्हनलं, आन्ना, तुमचा मास्तर पोरींना खो-खो शिकवतो त्ये झ्याक, पर तेल चोळायचं म्हनून एकेकीला खोलीत न्हेतो आन् दार लावतो, ह्ये काय? पोर रडत येती माजी. आन्ना म्हनले, जा मावशी, मी बगतो. त्याच सांजंला मास्तर हितं, नारळ घेऊन, हसत. म्हनतो, ‘वहिनी, गैरसमज झाला तुमचा.’ दुसऱ्या दिशी हिरी संघातनं भायेर, मालक कामावनं भायेर. वाडीत बायका म्हनत्यात, पोरगीच तसली. आता बोला.

अरुंधती : ऐकूनच संताप होतोय. पण मी मंडळाची नाही. तिकडच्या सामन्यांना पंच म्हणून शिट्टी वाजवते, तेवढाच संबंध.

कस्तुराबाई : पंच! म्हंजी त्यांचीच की.

अरुंधती : ऐका तर खरं. तळेगावला तुमचा संघ आला होता. खेळ थांबला तेव्हा मास्तरांनी एका मुलीला मागच्या खोलीत बोलावलं. ती उठली. तेवढ्यात कोणीतरी ‘खो’ म्हणून ओरडलं, आणि एकीमागून एक सगळा संघ उठून तिच्या मागं गेला. मैदान पोट धरून हसत होतं. मला नाही हसू आलं. पुढच्या सामन्याच्या यादीत हिरीचं नाव नव्हतं, म्हणून शोधत आले.

हिरी : मीच वरडलेली.

कस्तुराबाई : हिरे!

हिरी : आये, बोलू दे मला. बाई, खेळात कसं, पाठीवर थाप मारून खो म्हनलं की बसलेलीनं उटायचंच. तसंच आमी ठरवलं. सरांनी एकीला बोलावलं की शेजारचीनं खो द्यायचा, सगळ्यांनी जायाचं. मग सर म्हनायचे, काय न्हाई, जावा. माज्या येळंला ठरलं न्हवतं. नंतर ठरवलं.

अरुंधती : कोणी सुचवलं?

हिरी : मीच.

कस्तुराबाई : मला कदी बोलली न्हाईस गं.

हिरी : तू आदीच रडायचीस. आन् बाई, आता मोठ्या पोरी समद्या गाळल्यात सरांनी. नवीन बारक्या घेतल्यात, त्यास्नी आमचा ह्यो खो ठाव न्हाई. उद्या सकाळी सामन्याला साताऱ्याला जायाचंय, मुक्कामाला. आपली चिंगी बी हाय त्यात.

कस्तुराबाई : आपली चिंगी? माज्या जावंची, बायाची? बाया बोलली न्हाई मला!

हिरी : काकू बोलती कुटं आपल्याशी?

अरुंधती : म्हणूनच आज आले. आम्ही तिघी आहोत, एक डॉक्टर, एक वकील आणि मी. मंडळाशी आमचा काही संबंध नाही. पुण्याच्या पोलिसांतल्या मोठ्या साहेबांची आजचीच वेळ घेतलीय, वकीलबाई तिथंच थांबल्यात. हिरीनं स्वतः सांगितलं, तर उद्याचं साताऱ्याला जाणं थांबेल.

कस्तुराबाई : साहेब मास्तरला इचारनार, मास्तर साहेबाला बी नारळ देनार.

अरुंधती : तसं होऊ नये म्हणून तिघी आहोत. मंडळाकडं हिरीचं नाव आमच्याकडून जाणार नाही. पण कधीच कुणाला कळणार नाही, असं वचन मी देत नाही. चौकशी लागली की कळेल. वाडी आणखी बोलेल.

कस्तुराबाई : ह्ये पयलं खरं बोललात.

अरुंधती : निर्णय तुमचा. नको असेल तर मी निघते.

कस्तुराबाई : थांबा. आन् तुमच्या संगं पोरगी एकटी धाडीन, आसं वाटलं व्हय तुमास्नी?

अरुंधती : नाही. म्हणूनच तुम्हालाही चला म्हणणार होते.

कस्तुराबाई : भिमाजी अजून खालीच हाय न्हवं?

अरुंधती : हो. परत पाठवू?

कस्तुराबाई : तुमी न्हाई, मीच धाडते. (दारात येऊन, खालपर्यंत ऐकू जाईल असं) चालत्या व्हा माज्या दारातनं! पुन्यांदा पाऊल ठेवाल तर केरसुनीनं झाडीन! ये भिमाजी, घेऊन जा तुजा टांगा! ही बया जाऊ दे पायपीट करत!

अरुंधती : अगंबाई!

कस्तुराबाई : घाबरू नगा. आता त्यो जाऊन सांगंल, कस्तुरीनं बाईला हाकलली. अध्यक्ष सुखानं जेवतील. आपन मागच्या पायवाटंनं टेसनात जाऊ.

हिरी : आये, खरंच येतीस?

कस्तुराबाई : वहाना घाल. आन् आदी बायाच्या घरला जा. म्हनावं, अबोला उद्या धर, आज चिंगीला घेऊन चल.

हिरी : काकू माजं तोंड बी बगत न्हाई. न्हाई उटली तर?

कस्तुराबाई : तू पाठीवर थाप तर मार.