कांबळेकाकांची यादी

कलेची कदर कशी असते ते मला सांगू नका, मी कांबळेकाकांच्या शेजारी राहिलोय. अंबरनाथच्या चाळीत, मधे एकच भिंत. तेव्हा मी स्टील गिटार शिकत होतो. जवळच्याच एका वर्कशॉपातून तिला शिलाई मशीनची पायडलंही बसवून आणली होती. पायडल दाबलं की सूर आधी रडायचा, मग चढायचा. काका एमआयडीसीतून तिसरी पाळी करून सकाळी आडवे झाले, की माझा रियाझ सुरू.

एकदा काका स्वतःच दारात आले. हातात दहा गाण्यांची यादी.

"आता ही शिक."

मी गहिवरलोच. "काका, तुमच्या आवडीची?"

"नाही रे. आवडीची सगळी तू संपवलीस. ही मला पहिल्यापासूनच आवडत नाहीत. बिनधास्त वाजव."