तीन बटणं

बाई : पाय ओढू नकोस, ठके! अजिबात हलू नकोस. वर बघ, मी इथेच आहे.

ठकी : बूट अडकलाय, बाई. लिफ्ट आणि भिंतीच्या मध्ये. नाडीची गाठही सुटत नाहीये. दुखतंय!

बाई : वॉचमनकाका, अहो, काढा ना तिला!

वॉचमन : कशी काढू? लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध लटकलीय. या फटीतून माझा हातसुद्धा जात नाही. आणि वीज आली की ही लगेच सुटणार.

बाई : जाळीचं दार उघडं असताना?

वॉचमन : खटका बिघडलाय, उघड्या दारानेच चालते. मेन स्विच गच्चीवरच्या खोलीत, खोलीला कुलूप, चावी सेक्रेटरींकडे. ती आणायला माणूस धाडलाय.

बाई : आणि तोवर वीज आली तर तिचा पाय...

वॉचमन : हळू बोला. पोरगी ऐकतेय.

ठकी : माझ्या पायाला काय होणार, बाई?

बाई : काही नाही होणार, राणी. तू वर्गातून पळालीस कशाला गं?

ठकी : फळ्यावर माझं नाव होतं. मोठ्यांदा वाचायची पाळी. मी अडखळले की सगळे हसतात. तुम्हीपण हसलात परवा.

बाई : हसले. चुकलं माझं.

वॉचमन : बाई, आत 'थांबा'चं बटण आहे! ते दाबलं तर वीज आली तरी लिफ्ट जागची हलणार नाही.

बाई : कुठलं? वरचं की खालचं?

वॉचमन : परवाच बटणांची पट्टी बदलली हो. एकाखाली एक तीन काळी बटणं, एवढंच आठवतंय. भलतंच सांगून बसलो तर?

बाई : ठके, उजव्या हाताला बटणं दिसतात? त्यांच्या शेजारी लिहिलंय ते वाच.

ठकी : मला नाही येत वाचायला!

बाई : वाचू नकोस, नुसते आवाज काढ. आपण खेळतो ना, तसे. सगळ्यात वर काय आहे?

ठकी : चिमटीचा च. त्याला काना, चा. मग ल... लू. चालू!

बाई : त्याला हात लावू नकोस! खालचं बघ.

ठकी : अंधार आहे. थंडीचा थ आहे, नाहीतर गुळण्यांचा घ. दोन्ही सारखीच दिसतात, बाई. मला आई पाहिजे.

बाई : आई येतेय. आधी माझ्याबरोबर गुळण्या कर. घ्घ्घ्घ! काका, तुम्हीपण करा.

वॉचमन : मी? बरं. घ्घ्घ्घ!

ठकी : काकांचा आवाज बेडकासारखा येतो.

बाई : येतो ना? आता दातांवर दात आपटत थंडी वाजव. थ-थ-थ-थ. थंडीवाल्याच्या डोक्यावर काय असतं?

ठकी : कानटोपी. गोंड्याची.

बाई : शाब्बास. अक्षरं फुगीर आहेत, बोट फिरवून बघ. मधल्याला गोंडा लागतो का?

ठकी : नाही लागत. घ... घं... टा. घंटा.

बाई : आता सगळ्यात खालचं.

ठकी : हात पुरत नाहीये.

वॉचमन : बाई, समोरच्या इमारतीत दिवे लागले! आता आपल्याकडेही येणार.

बाई : ठके, पाय तिथेच ठेव आणि कमरेतून वाक. अजून वाक. लागलं बोट?

ठकी : लागलं. गोंडा आहे! थ... काना... थां. मग ओठ मिटून ब. बा. थां... बा.

बाई : दाब! जोरात दाब!

(लिफ्टमधला दिवा लागतो. वर यंत्र एकदा गुरगुरतं आणि गप्प होतं.)

ठकी : बाई? हलली नाही.

वॉचमन : नाही हलली! तो बघा, चावीवालाही आला. पोरी, आता घाई नाही, सावकाश बुटाची नाडी सोड आणि नुसता पाय अलगद वर घे. हं, तस्सा. बूट राहू दे तिथेच. मी गच्चीवर जाऊन लिफ्टचं चाक हाताने फिरवतो, तू मजल्याला लागलीस की बाई तुला उचलून घेतील.

ठकी : हळू फिरवा हं, काका.

बाई : ये. ये गं माझ्या बाळा. पाय दाखव. बोटं हलव बघू सगळी.

ठकी : हलतात. फक्त खरचटलंय.

वॉचमन : बाई, असं जिन्यात बसून नका राहू. चला खाली, पाणी घ्या.

बाई : उठवत नाहीये हो. पायच उचलत नाहीत माझे.

ठकी : मी बसते बाईंजवळ. काका, तुम्ही खाली जाऊन माझ्या आईला सांगा. पण हळूहळू सांगा हं, ती फार घाबरते.