सामावून घेणारा मासा

कुत्री पाळणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. आमच्या सांगलीच्या मामांनी शिवडा पाळला होता. शिवडा म्हणजे कृष्णेतला हातभर लांब, मिशाळ मासा. समोर येईल ते गिळणारा. बैठकीच्या खोलीत काचेच्या पेटीत तो असायचा आणि मामा खोकले की खायला मिळणार म्हणून आ वासायचा. खोटं वाटेल, पण मी पाहिलंय.

तेव्हा संस्थानं विलीन होत होती. मामा संस्थानचे शिरस्तेदार. नोकरी राहते की जाते, या घोरानं त्यांना घास उतरेना. त्यातच विलीनीकरणाचं काम पाहणारे साताऱ्याचे साहेब घरी चहाला येणार असं ठरलं. पेटीला जरा शोभा यावी म्हणून मामांनी कुठूनसे तीन लाल मासे आणून आत सोडले.

मामी म्हणाली, "अहो, त्या राक्षसापुढं कशाला?"

"तू गप्प बस. पोट भरलंय त्याचं."

साहेब आले, पोहे खाल्ले आणि पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा शिरस्तेदार, लहानमोठे कसे गुण्यागोविंदानं नांदतायत! विलीनीकरण म्हणजे हेच. भिऊ नका. सगळ्यांना सामावून घेऊ."

मामांचा जीव भांड्यात पडला, पण चहाचा घोट भलतीकडेच गेला. मामा खोकत सुटले.

साहेबांनी पुन्हा पेटीत पाहिलं. "अहो, ते लाल मासे कुठं गेले?"

मामा चाचरत म्हणाले, "सामावून घेतले, साहेब."

पुढं मामांनाही सामावून घेतलं. कडेगावला, साधा कारकून म्हणून. हुकूम वाचून मामा मामीला म्हणाले, "यांच्यापेक्षा आपला शिवडा बरा. गिळायच्या आधी भाषण तरी करत नाही."