अर्ज केला, आणि आई त्यांच्याच हाती

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर विराजमान झालेले धर्मादाय इस्पितळाचे विश्वस्त, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते डॉक्टर शिवप्पा बिराजदार, आणि एवढ्या उन्हातून अगत्याने आलेल्या सोलापूरकर बंधुभगिनींनो,

मी कुंडलिक वाघमोडे. शुक्रवार पेठेतील शाळेत मास्तर आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी डॉक्टरांचे गुण गायिले, ते योग्यच झाले. मी मात्र सन अठ्ठावीसच्या उन्हाळ्यात याच डॉक्टरांविरुद्ध लेखी तक्रार केलेला माणूस आहे. अध्यक्ष महाराजांची भुवई वर गेली, ती मला दिसली. पण मला बोलायला उभे करा हा आग्रह खुद्द डॉक्टरांचा. "झालं तसं सांगा, मास्तर," एवढेच ते म्हणाले. सभेत बोलायची मला सवय नाही. टेबल धरून बोलतो, त्याचा राग नसावा.

आमचे घर मोडनिंबजवळचे, मेंढरांवर जगणारे. एडक्याने धडक दिली, माझी आई गोजाबाई बांधावरून खाली पडली आणि नडगीचे हाड मोडले. बैलगाडीत घालून तिला इथे आणले. डॉक्टरांनी हाड बसवले, फळ्या लावल्या, वरून पट्टी आवळली. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "कुंडलिका, लई आवळलंय रं. बोटं माजी न्हाईतच, असं वाटतंय."

मी डॉक्टरांना सांगितले. ते घाईत होते. "हाड मोडल्यावर दुखणारच," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. मग बोटे थंड पडली, निळी झाली. मी पुन्हा गेलो, तेव्हा ते चिडले. "शाळा तुमची, मास्तर. इस्पितळ माझं."

आपण विचाराल, मग त्याच घटकेला वर तक्रार का केली नाही? वॉर्डातील नोकर मौला माझ्या कानाशी लागून म्हणाला, "अर्जी-बिर्जी नक्को करो, मास्तर. मागं एकानं केली, तर त्याला पेशंट उचलून न्यायला लावलं. तुमी अम्मांना कुटं नेणार?" आणि आईने माझे धोतर घट्ट धरले. "त्येंच्या हातात हाय मी. तू बोललास तर मला पानी तरी कोन दील?"

सभाजनहो, मी अर्ज केला नाही. आईच्या खाटेपाशी बसून राहिलो. नंतर पायाला वास येऊ लागला. तेव्हा मात्र मी अर्ज लिहिला आणि इस्पितळाचे प्रमुख असलेल्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेलो. घामाने कागद ओला झाला होता.

मोठे डॉक्टर तसेच उठून आले, पट्टी कापायला लावली. पाऊल काळे पडले होते. जीव वाचवायचा तर गुडघ्याखाली पाय कापणे भाग होते. "कोण कापणार?" मी विचारले. त्यांनी मान खाली घातली. "इथं सर्जन एकच आहे. पुण्याला न्यायचं म्हटलं, तर वाटेतच संपेल सगळं."

तो एकच सर्जन दाराशी उभा होता. त्याने माझा अर्ज वाचला होता.

मी व्हरांड्यात बिराजदार डॉक्टरांच्या मागे धावलो, हात जोडले. "अर्ज फाडतो, साहेब. मी काही लिहिलंच नाही असं समजा. आईला वाचवा." डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते म्हणाले, "फाडू नका. लिहिलंय ते खरं आहे. फक्त आता आईंना हात लावायची परवानगी द्या."

मी दिली. दुसरे काय हाती होते?

दार बंद झाले. क्लोरोफॉर्मचा वास बाहेरपर्यंत येत होता. आत हत्यार खणखणले की मी दाराकडे पाही. एकच विचार मनात: यांच्या मनात राग असेल, आणि सुरी जराशी चुकली, तर कुणाला कळणार आहे? मौला येऊन शेजारी बसला. दार उघडले. डॉक्टर खाली वाकले आणि म्हणाले, "आहेत. श्वास चांगला चाललाय."

पुढे विश्वस्तांसमोर चौकशी झाली. मी चाचरत होतो. माझे राहिलेले डॉक्टरांनी पुरे केले, स्वतःविरुद्ध. त्यांची बढती थांबली ती थांबलीच. त्या दिवसापासून पट्टी बांधलेल्या प्रत्येक रोग्याची बोटे ते स्वतः दाबून पाहतात, हे इथल्या कोणालाही विचारा.

आई कुबडी घेऊन कोकरांमागे फिरली, गेल्या वर्षी वारली. एकदा डॉक्टर गावी आले होते. आईने घोंगडे अंथरले, ताक दिले, पण त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. ते गेल्यावर म्हणाली, "हात चांगला हाय त्येचा. पन पाय माजा ग्येला की."

अध्यक्ष महाराज, आपण मला बोलू दिले, सभेने शांतपणे ऐकून घेतले, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मंगल प्रसंगी अमंगल बोललो असेन, तर मोठ्या मनाने पोटात घालावे. डॉक्टरसाहेब, आईच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मला नाही, आणि तो मी घेत नाही. माझ्या स्वतःच्या वतीने मात्र आपणांस वाकून नमस्कार करतो.