कमानींवरची शिट्टी

— नाही हो, तिथून नाही दिसायचा पूल. इथं पायरीवर बसा, नदीच्या पल्याडपर्यंत सगळ्या कमानी दिसतात. शेवटच्या गाडीचा फोटो ना? सकाळपासून रीघ लागलीय तुमच्यासारख्यांची. एवढी वर्षं या दगडी पुलाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि उद्यापासून गाड्या डोंगरामागच्या नव्या पुलावरून जाणार म्हटल्यावर सगळ्यांना पान्हा फुटलाय!

आमचे हे याच गाडीवर ड्रायव्हर. पुलावर आले की एक लांब शिट्टी — कमानींत अशी घुमायची की फडताळातली भांडी थरथरायची — म्हणजे काय, तर भाजी टाक, आलोच. गेले ते. इंजिनातच, छातीत कळ आली नि — असो. महिनाभरानं तश्शीच शिट्टी वाजली. यांचा मदतनीस हो, आता तोच ड्रायव्हर, हाताची सवय त्याच्या. मी हातातलं टाकून बाहेर धावले — वेडीच की — आणि आतून सासूबाई म्हणतात, "आला गं माझा लेक, भाजी टाक." त्यांना दिसत नाही, आणि आठवणीचंही तसंच, आज सांगावं, उद्या पाटी कोरी. रोज नव्यानं कशाला रडवायचं त्यांना? स्टेशनावर जाऊन त्याला हात जोडले, बाबा रे, शिट्टी थांबवू नकोस. तेव्हापासून रोज ताट मांडते, वाटी-चमचा वाजवते, आणि सांगते — जेवले, पुन्हा ड्यूटीवर गेले. मला? मला काय त्याचं! मी आपली त्यांच्यासाठी करते. केस? केस मी रोजच विंचरते या वेळेला. सवय.

पण उद्या काय सांगू हो त्यांना? शिट्टीच नाही म्हटल्यावर लेक आला कसा म्हणू? सांगा ना, तुम्ही चार ठिकाणी हिंडलेली माणसं —

थांबा. आली. ऐका — किती लांब वाजवतोय बघा, त्यालाही सोडवत नाहीये. काढा, फोटो काढा, मी बाजूला होते. — श्श. आतून हाक आली. काय म्हणालात, सासूबाई?

...

ऐकलंत? तुम्हीही ऐकलंत ना? "पोरी," म्हणाल्या, "आज ते रिकामं ताट वाजवू नकोस. तुझंच वाढून घे नि पोटभर जेव."

रिकामं म्हणाल्या. म्हणजे इतके दिवस त्या मला —

उठा भाऊ. झाला ना फोटो? जा तुम्ही आता.