रंगाचे दोन हात

काल डिपॉझिट भरून ठरवलेल्या घरासाठी नवं कुलूप घ्यायला ती तान्ह्याला खांद्यावर टाकून दुकानात आली. पुढे एक जोडपं रंगाच्या डब्यापाशी घोटाळत उभं होतं.

“पुरेल ना हो एवढा? कपाटामागची भिंत पार काळी पडलीय.”

“दोन हात मारले की काही दिसत नाही.”

“ओल परत वर येईल.”

“येऊ दे. उद्या किल्ली देईपर्यंत थांबली म्हणजे झालं. डाग दिसला की मालक डिपॉझिट कापणार.”

“वर्षभर मागे लागलो होतो आपण, तो गळका पाइप बघा म्हणून!”

“त्याला पुरावा काय? आणि पैसे अडकले तर सामान काय रस्त्यावर ठेवायचं?”

“पोराचा खोकला अजून हटत नाही. पुढच्या माणसांच्या कानावर तरी घालू या.”

“घातलं आणि ती फिरली, तर? त्यांच्याच पैशांतून मालक आपले परत देणार आहेत. नाहीतर छदाम देतील का? गप्प बस जरा.”

“बरं. पोरानं छतावर तारे चिकटवलेत, ते खरवडायचे?”

“नको. नवीन बाईनं मालकांना मुद्दाम सांगितलंय म्हणे, तारे असू द्या, बाळ बघत पडेल.”

तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. काल मालकांना तिनंच तसं सांगितलं होतं.

जोडपं डबा घेऊन गेलं.

“बोला ताई, काय देऊ?”

“दादा, तो रंग… किती टिकतो?”

“भिंत कोरडी असली, तर वर्षानुवर्षं बघायला नको.”